पडद्यावरचे वर्तुळ लांबट का दिसते?

शाळेच्या संगणक-खोलीत एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स बसवले. बसवताना कोठेही अडचण आली नाही. चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम उघडून एका विद्यार्थिनीने वर्तुळ काढले, तर ते लांबट दिसले. पडद्याला पट्टी लावून मोजले, तेव्हा रुंदी १२ सेंटिमीटर आणि उंची ९ सेंटिमीटर भरली. शिवाय खिडकी एका जागेवरून दुसरीकडे ओढली की ती अडखळत सरकते, आणि व्हिडिओ लावला की पंखा घरघरू लागतो. अशा वेळी निष्कर्ष बहुधा एकच निघतो : संगणक जुना झाला, निकामी झाला.

हा निष्कर्ष घाईचा आहे. सध्या त्याला विशेष महत्त्व आले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला. विंडोज ११ च्या अटींमध्ये न बसणारे, पण एरवी धडधाकट असलेले कितीतरी संगणक शाळांमध्ये आहेत. त्यांना लिनक्सवर आणखी काही वर्षे वापरता येते. त्यांचे भवितव्य पुष्कळदा एका छोट्या भागावर अवलंबून असते. तो भाग म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारी, मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्येच सामावलेली ग्राफिक्स चिप. तिच्याशी लिनक्सचे जमले तर संगणक वर्गात राहतो. नाही जमले तर तो निर्लेखनाच्या यादीत जातो. आमच्या प्रयोगशाळेत जुन्या मापन-उपकरणांना जोडलेले असे संगणक आहेत आणि त्यांच्या निमित्ताने हा विषय आम्हाला पुष्कळ हाताळावा लागला. तो येथे मुळापासून मांडतो.

चित्र पडद्यापर्यंत कसे पोहोचते?

संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. १०२४ स्तंभ आणि ७६८ ओळींच्या जाळीत ७,८६,४३२ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला साधारणपणे ४ बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला ३१,४५,७२८ बाइट झाले. हे आकडे स्मृतीच्या एका राखीव भागात ओळीने मांडलेले असतात. या भागाला फ्रेम-बफर म्हणतात. ग्राफिक्स चिपमधील एक भाग हा फ्रेम-बफर सेकंदाला सुमारे ६० वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि पडद्याकडे पाठवतो. पडद्यावर काहीही हलत नसले, तरी दर सेकंदाला १८ कोटी ८७ लाख बाइटची ही वाहतूक अखंड चालू असते.

वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची स्वतःची स्मृती असते. सामावलेल्या चिपला बहुधा ती नसते. ती संगणकाच्या मुख्य स्मृतीतलाच एक तुकडा वापरते. म्हणून १ जीबी स्मृती असलेल्या संगणकात सगळी १ जीबी आपल्या वाट्याला येत नाही, आणि अशा संगणकात स्मृतीची पट्टी वाढवली की त्याचा फायदा चित्रालाही होतो.

फ्रेम-बफर वाचून पडद्याकडे पाठवणे हे ग्राफिक्स चिपचे पहिले काम झाले. दुसरे काम म्हणजे तो फ्रेम-बफर भरणे. खिडक्या एकमेकींवर रचणे, सावल्या टाकणे, त्रिमितीय आकृती फिरवणे, व्हिडिओचे दाबून साठवलेले चित्र उलगडणे, या गोष्टींत एकच छोटी आकडेमोड लाखो ठिपक्यांवर करायची असते. ग्राफिक्स चिप ती अनेक ठिपक्यांवर एकाच वेळी करते. मुख्य प्रोसेसरलाही ती येते, पण त्याला ती थोड्याथोड्या ठिपक्यांवर करत पुढे जावे लागते.

ही दोन कामे वेगळी आहेत, हे लक्षात ठेवावे. पुढील सर्व तपासणी या भेदावर उभी आहे. लांबट वर्तुळ हे पहिल्या कामातील बिघाडाचे लक्षण आहे, तर अडखळणारी खिडकी दुसऱ्या कामातील.

दुभाषा नसेल तर

चिपला ही कामे सांगायची कशी? तिच्यात रजिस्टर नावाचे अनेक छोटे कप्पे असतात. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा घातला की काय घडते, हे प्रत्येक चिपच्या रचनेवर ठरते. ते ज्याला माहीत आहे असा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये हा दुभाषा दोन भागांत असतो. एक भाग लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसतो आणि मुख्यतः पहिले काम पाहतो. दुसरा भाग मेसा नावाच्या ग्रंथालयात असतो. तो प्रोग्रॅमने मागितलेल्या आकृती चिपच्या भाषेत मांडतो.

दुभाषा नसला, तरी पडदा कोरा राहत नाही. संगणक सुरू होताना त्याच्यातील बायॉस किंवा यूईएफआय हा कायमस्वरूपी प्रोग्रॅम चिपला एका साध्या अवस्थेत आणून ठेवतो. लिनक्स त्या तयार फ्रेम-बफरचा आधार घेते. जुन्या बायॉसना पुष्कळदा ८०० × ६०० आणि १०२४ × ७६८ असे ठरावीक, ४ : ३ प्रमाणाचेच आकार येत. पडदा मात्र १६ : ९ प्रमाणाचा असतो. ४ : ३ चे चित्र त्यावर ताणून बसवले, तर ते आडवे किती ताणले जाईल? १६/९ ला ४/३ ने भागा. उत्तर येते ४/३, म्हणजे १.३३. पट्टीने मोजलेले १२ आणि ९ यांचे गुणोत्तर नेमके हेच आहे. वर्तुळ आपल्याला सांगत होते की योग्य ड्रायव्हर कामाला लागलेला नाही. (काही पडदे चित्र न ताणता दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडतात. अर्थ तोच.)

दुसऱ्या कामाचीही अशीच पर्यायी सोय असते. चिपशी बोलता येत नसेल, तर मेसा ती सारी आकडेमोड मुख्य प्रोसेसरकडून करून घेते. त्या सोयीचे नाव एलएलव्हीएमपाइप. चित्र अचूक येते, पण प्रोसेसर त्यात गुंतून पडतो, तापतो आणि पंखा वेगाने फिरू लागतो.

तपासणी : एका वेळी एकच बदल

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. प्रयोगशाळेतील जुना नियम येथेही पाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदलले व काय दिसले ते वहीत लिहावे. आज्ञांची नावे पुढे देवनागरीत दिली आहेत. टंकताना तीच अक्षरे लहान रोमन लिपीत टंकावीत.

पहिली पायरी. संगणक सुरू केल्याबरोबर कंपनीचे चिन्ह आणि सुरुवातीची यादी पडद्यावर दिसते का? दिसत असेल तर पडदा, केबल आणि चिप ही तिन्ही ठीक आहेत, असे सहसा मानता येते. त्यानंतर लिनक्स सुरू होताना पडदा काळा होत असेल, तर बिघाड यंत्रात नसून संवादात असण्याची शक्यता अधिक.

दुसरी पायरी, पडदा काळा होत असेल तरच. सुरुवातीच्या ग्रब नावाच्या यादीत ‘ई’ ही कळ दाबावी. (यादी दिसतच नसेल, तर संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून पाहावे.) समोर येणाऱ्या मजकुरात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द सलग टंकावा आणि कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. या शब्दाचा अर्थ असा, की कर्नेलमधील ग्राफिक्स ड्रायव्हरांनी गप्प बसावे आणि बायॉसने दिलेला फ्रेम-बफर आहे तसा वापरावा. असे केल्यावर चित्र दिसले, तर दोष ड्रायव्हरशी संबंधित आहे हे पक्के झाले. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो.

येथे एक सावधगिरी हवी. ‘नोमोडसेट’ ही चाचणी आहे, उपचार नव्हे. पुष्कळ ठिकाणी हा शब्द कायमचा लिहून ठेवला जातो, कारण त्याने चित्र आले. पण त्यामुळे पुढे चांगला ड्रायव्हर मिळाला तरी तोही गप्पच बसतो, आणि संगणक वर्षानुवर्षे मंद राहतो. जुना संगणक हाती आला की ‘कॅट’ या आज्ञेने ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल वाचून पाहावी. तीत हा शब्द आढळला, तर आधी तो काढावा. डेबियन आणि उबुंटूमध्ये तो ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘डिफॉल्ट’ या उपनिर्देशिकेत ‘ग्रब’ नावाच्या फाइलमध्ये असतो. फाइल दुरुस्त केल्यावर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी लागते.

तिसरी पायरी चिपची ओळख पटवण्याची. ‘एलएसपीसीआय’ टंकून जागा सोडावी, उणे चिन्ह द्यावे आणि त्याला जोडून ‘एनएनके’ लिहावे. संगणकातील भागांची लांब यादी येते. तिच्यात ‘व्हीजीए’ हा शब्द असलेली ओळ शोधावी. या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन संख्या असतात आणि त्यांच्यामध्ये विसर्गासारखे चिन्ह असते. या संख्या षोडशमान पद्धतीतल्या, प्रत्येकी चार अंकी आहेत. पहिली संख्या कंपनीची, दुसरी त्या विशिष्ट चिपची. इंटेलची संख्या ८०८६ आहे, तिच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरच्या क्रमांकावरून घेतलेली. १००२ म्हणजे एटीआय, जी पुढे एएमडीत विलीन झाली. १०३९ म्हणजे सिस, ११०६ म्हणजे व्हाया. खोक्यावरचे नाव किंवा जाहिरातीतील वर्णन यांपेक्षा ही जोडी विश्वासार्ह आहे. मदत मागताना हीच जोडी सांगावी.

त्याच ठिकाणी खाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का, तेही पाहावे. ती नसेल, तर चिपचा स्वतःचा दुभाषा कामावर आलेलाच नाही.

चौथी पायरी. ‘सुडो’ लिहून ‘डीएमईएसजी’ ही आज्ञा दिली, की कर्नेलने सुरू होताना लिहिलेली रोजनिशी दिसते. तीत ‘फर्मवेअर’ या शब्दाजवळ ‘फेल्ड’ असा शब्द सापडला, तर ड्रायव्हर आला आहे पण त्याला चिपमध्ये भरायची फाइल मिळालेली नाही.

पाचवी पायरी. ‘जीएलएक्सइन्फो’, जागा, उणे चिन्ह आणि मोठ्या लिपीतील ‘बी’ अशी आज्ञा द्यावी. (ती ‘मेसा-युटिल्स’ या संचात मिळते.) उत्तरातील ‘रेंडरर’ या ओळीत चिपचे नाव असेल, तर दुसरे कामही चिपच करत आहे. एलएलव्हीएमपाइप हे नाव असेल, तर तो भार मुख्य प्रोसेसरवर पडला आहे.

निदान चार प्रकारचे

एवढी माहिती हाती आली, की बहुतेक संगणक चारांपैकी एका गटात बसतात.

पहिला गट : चिप ओळखीची आहे, पण काहीतरी आड आले आहे. विसरून राहिलेला ‘नोमोडसेट’ किंवा न मिळालेली फर्मवेअरची फाइल ही नेहमीची कारणे. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अशा फाइली मूळ तबकडीत नसत, कारण त्या मुक्त परवान्याच्या नाहीत. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या सोबत येतात. या गटातील संगणक अर्ध्या तासात मार्गी लागतो.

दुसरा गट : चिप कर्नेलपेक्षा नवी आहे. उपाय म्हणजे लिनक्सची नवी आवृत्ती. ती बसवण्याआधी पेन-ड्राइव्हवरून चालवून पाहावी. हार्डडिस्कला धक्का न लावता उत्तर मिळते.

तिसरा गट : चिप इतकी जुनी आहे, की तिचा ड्रायव्हर सांभाळणारे कोणी उरले नाही. एप्रिल २०२३ मधील लिनक्स कर्नेल ६.३ मधून आय८१०, सिस, व्हाया इत्यादी चिपांचे जुन्या पद्धतीचे त्रिमितीय ड्रायव्हर काढून टाकण्यात आले. मेसाने त्यांचा जोडीदार भाग २०१२ मध्येच सोडला होता. येथे साध्या चित्रावर समाधान मानावे लागते.

चौथा गट मात्र वेगळा आहे. त्यात चिप फार जुनी नाही, तिच्यात ताकदही आहे, पण तिच्याशी बोलायचे कसे हे जगाला कधी सांगितलेच गेले नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे इंटेलची जीएमए ५००.

जीएमए ५०० ची गोष्ट

२००८ साली इंटेलने ॲटम झेड मालिकेच्या छोट्या प्रोसेसरांसोबत यूएस१५डब्ल्यू हा चिपसंच आणला. त्याचे टोपणनाव पोल्सबो. त्यातील ग्राफिक्स विभागाला जीएमए ५०० असे नाव मिळाले. डेलचा मिनी १२, एसरचा ॲस्पायर वन ७५१एच, असूसचा ईई पीसी ११०१एचए, सोनीचा व्हायो पी अशा हलक्या संगणकांत तो बसवला गेला.

त्या काळी इंटेलची ग्राफिक्स चिप म्हणजे लिनक्सवर हमखास चालणारी, असा लौकिक होता आणि तो सार्थ होता. जानेवारी २००८ मध्येच इंटेलने आपल्या ९६५ मालिकेच्या ग्राफिक्सची माहितीपुस्तके सर्वांसाठी खुली केली होती. दुसऱ्या नेटबुकांतील जीएमए ९५० ही चिप लिनक्सवर उत्तम चालत असे. ५०० ही तिचीच धाकटी बहीण असणार, असे नावावरून कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात दोघींचे काही नाते नव्हते. ५०० चा गाभा पॉवरव्हीआर एसजीएक्स५३५ हा ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या रचनेचा होता आणि त्याचे तपशील प्रसिद्ध झाले नाहीत. लिनक्ससाठी ड्रायव्हर निघाला, पण त्यातील त्रिमितीय भाग बंद पेटीसारखा होता. कर्नेल आणि पडद्याची व्यवस्था पाहणारा एक्स हा प्रोग्रॅम, दोन्ही सतत बदलत असतात. उघड्या प्रोग्रॅममध्ये त्यानुसार दुरुस्ती करता येते. बंद पेटीत ती करता येत नाही. परिणामी तो ड्रायव्हर ठरावीक जुन्या आवृत्त्यांपुरताच उरला आणि नव्या आवृत्त्यांवर लोकांना लांबट वर्तुळे दिसू लागली.

२०११ मध्ये ॲलन कॉक्स या नामवंत कर्नेल-प्रोग्रॅमरने मुक्त ड्रायव्हर तयार केला. त्याचे नावही जीएमए५००. तो आधी कर्नेल २.६.३९ मध्ये प्रायोगिक विभागात आला आणि २०१२ मधील ३.३ आवृत्तीत मुख्य विभागात गेला. मात्र तो फक्त पहिले काम करतो. योग्य आकाराचे चित्र मिळते, वर्तुळ वर्तुळच राहते. त्रिमितीय गणिते आणि व्हिडिओ उलगडण्याची यंत्रणा यांना तो हात लावत नाही. गंमत अशी, की एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ उलगडणारी खास मंडले या चिपमध्ये आहेत. ती मुक्त ड्रायव्हरच्या हाती नसल्याने स्वस्थ बसतात, आणि शेजारचा दुबळा ॲटम तेच काम करताना धापा टाकतो. पुढे आलेल्या जीएमए ३६०० आणि ३६५० या चिपांची कथाही हीच आहे.

माहिती दिली नाही तर ती शोधून काढता येत नाही का? येते. एनव्हिडियाच्या चिपांसाठी नूवो हा ड्रायव्हर असाच तयार झाला. बंद ड्रायव्हर कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा कधी घालतो याची नोंद करायची आणि त्यावरून अर्थ लावायचा. बंद डब्यातून बाहेर आलेल्या तारांना बॅटरी आणि मापक जोडून आतील मंडल ओळखण्याचा प्रयोग आपण विद्यार्थ्यांना देतो, त्याच जातीचे हे काम. नूवो २०१० मध्ये कर्नेल २.६.३३ मध्ये सामील झाला. पण अशा शोधाला अनेक माणसांची अनेक वर्षे लागतात. इमॅजिनेशननेही पुढे धोरण बदलले, आणि तिच्या नंतरच्या रोग मालिकेसाठी मुक्त ड्रायव्हर मार्च २०२४ मध्ये कर्नेल ६.८ मध्ये आला. एसजीएक्स मालिकेला त्याचा उपयोग नाही.

मग करायचे काय?

यादीत ८०८६ आणि ८१०८ ही जोडी दिसली, तर ती जीएमए ५००. त्रिमितीय ड्रायव्हर शोधण्यात दिवस घालवू नयेत. ‘नोमोडसेट’ काढून टाकावा, म्हणजे कर्नेलमधील ड्रायव्हर आपोआप कामाला लागेल. खिडक्यांना सावल्या आणि हालचालींची सजावट देणारे भारी डेस्कटॉप टाळून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी निवडावे आणि त्यातील सजावट बंद करावी. आणखी एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. ॲटम झेड५०० मालिकेचे हे प्रोसेसर ३२ बिटांचे आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या अशा संगणकांसाठी कर्नेल आणि बसवण्याचा संच मिळत नाही. डेबियन वापरणाऱ्यांना १२ वरच थांबावे लागेल.

असा संगणक व्हिडिओ दाखवायला किंवा आजची जड संकेतस्थळे पाहायला देऊ नये. मराठी टंकलेखन, तक्ते आणि आलेख, पायथनचे पहिले धडे, टक्स पेंट, तापमानाच्या संवेदकाकडून दर मिनिटाला आकडा घेऊन साठवणे, या कामांत फ्रेम-बफर भरण्याचे श्रम फारसे नसतात. ती कामे तो निमूटपणे करतो. तिसऱ्या गटातील संगणकांनाही हीच विभागणी लागू पडते.

वरील तपासणी विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. आठवी-नववीच्या मुलांना वर्तुळ काढून मोजायला सांगावे, गुणोत्तरावरून पडद्याचे आणि चित्राचे प्रमाण ओळखायला लावावे, मग यादीतील षोडशमान संख्या वाचायला द्यावी. चार षोडशमान अंकांनी किती वेगवेगळ्या चिपांना क्रमांक देता येतील, हा प्रश्न विचारावा. (उत्तर : ६५,५३६.) प्रत्येक गटाने आपल्या संगणकाचा एक तक्ता करावा : लक्षण, संख्यांची जोडी, ड्रायव्हरचे नाव, रेंडरर, निदान.

हा तक्ता नंतर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्या संगणकाच्या नोंदीशी जोडून ठेवावा. कोणी जुने संगणक देणगी म्हणून देऊ केले, तर पेन-ड्राइव्हवरचे लिनक्स घेऊन जावे आणि स्वीकारण्याआधी ‘एलएसपीसीआय’ची ओळ पाहून घ्यावी. निर्लेखनाचा प्रस्ताव पुढे आला, तर आधी तक्त्यातील शेवटचा रकाना वाचावा. तेथे पहिला किंवा दुसरा गट लिहिलेला असेल, तर तो संगणक अजून वर्गात बसवायचा आहे.